पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये शॅलेसारखा हॉल: पाईन लावावं का?

सातवा_मजला
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा टू बीएचके आहे, सगळ्यात वरचा मजला. हॉल १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ फूट, बाल्कनी पश्चिमेला. मला आणि नवऱ्याला स्वित्झर्लंडमधल्या लाकडी शॅले घरांचं वेड आहे. गेलो नाही कधी, मोबाईलवरच बघतो. हॉल तसा करायचाय: छताला तुळया, एका भिंतीला दगड, फायरप्लेस, लोकरीचं काहीतरी पायाखाली. इंटिरिअरवाल्यांचं कोटेशन आलंय त्यात चारही भिंतींना पाईनच्या पट्ट्या, प्लायच्या पोकळ तुळया आणि इलेक्ट्रिक फायरप्लेस आहे. सासूबाई म्हणाल्या, "वाळवीला पत्रिका छापायची तेवढी राहिली." डिसेंबरात ऊब वाटावी आणि मे महिन्यात जीव नको व्हायला, एवढंच मागणं आहे. कोणी केलंय का असं काही?

गंगापूररोडकर
चारही भिंती नका करू. भावाने बेडरूम पूर्ण पाईनची केली. पहिलं वर्ष झकास. मग उजेड पडतो त्या बाजूचं लाकूड पिवळं पडलं आणि कपाटामागचं तसंच पांढरट राहिलं. आता कपाट हलवायची सोय नाही.

रंधा_पटाशी
ताई, मी सुतार. धंदा आता मुलगा बघतो, मी वाद घालायला मोकळा.

शॅले म्हणजे मुळात आल्प्समधल्या गुराख्यांचं घर. उन्हाळ्यात गाई डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या, तिथेच मुक्काम करून चीज बनवायचं. भोवती स्प्रूस आणि लार्चची झाडं, म्हणून भिंती लाकडाच्या. जमिनीतली ओल लाकडाला लागू नये म्हणून जोतं दगडाचं. छप्पर भिंतीबाहेर हातभर काढलेलं, पाऊस-बर्फ भिंतीवर येऊ नये म्हणून. छपराच्या फळ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर धोंडे. थोडंफार कोरीवकाम सोडलं तर सगळं गरजेपोटी. आणि ती मोठी उघडी फायरप्लेस बरीचशी हॉटेलांची हौस आहे. जुन्या घरांत दगडाची किंवा टाइल्सची बंद भट्टी असायची, एकदा तापली की विझल्यावरही तासन्‌तास ऊब देणारी.

त्या माणसाने दारातलं लाकूड वापरलं. तुमच्या दारात काय आहे? जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात, त्यांचं सागवान वखारीत येतं. कोटेशनवर सही करण्याआधी एकदा सराफ बाजारात जाऊन पेशवेकालीन सरकारवाडा बघून या. खांब बघा, मान वर करून छत बघा. तुम्हाला मोबाईलवर जे आवडलंय त्यातलं निम्मं तिथे सापडेल.

आता पोकळ तुळयांबद्दल. लोकांना वाटतं सुतार म्हणजे भरीव लाकडाचा हट्ट धरणार. मी नाही धरत. फ्लॅटमध्ये स्लॅब स्वतःचा भार स्वतः पेलतो, तुळई तिथे नुसती लटकणार. सहा बाय सहा इंचाची दहा फुटी सागाची तुळई पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. ती सोफ्यावर कशाला टांगायची? जुनी तुळई आरागिरणीत फाडून तिच्या इंच-पाऊण इंची फळ्या काढा आणि तीन बाजूंची पेटी करा. आत वायरी जातात, बाहेरून जुन्या लाकडाचे व्रण दिसतात. प्लायवर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, मारून ते व्रण येत नाहीत, कोणी काही सांगो. सोळा फुटांत आडव्या तीन पेट्या पुष्कळ झाल्या, चार-चार फुटांवर. पेटी छतापासून पाच इंचांपेक्षा जास्त खाली नको. साडेनऊ फुटांत आठ इंचांच्या तुळया लावल्या तर पाहुणा वाकून येईल.

भिंतींचं म्हणाल तर एकच भिंत, आणि तीही बाथरूमला लागून असलेली नको. मागे लाकडी रिपा मारून हवा खेळायला जागा सोडा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून फळ्यांना खाच-जीभ करायची (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते) आणि कडेला चार-पाच मिलिमीटर सोडायचे. घट्ट ठोकून बसवलं की श्रावणात फळ्या पोट काढतात.

सातवा_मजला
खूपच उपयोगी! पण वरच्या मजल्याच्या उन्हाचं काय? लाकडाने अजून गरम होणार ना?

रंधा_पटाशी
लाकडाने नाही होणार. लाकडातून उष्णता काँक्रीटच्या मानाने फार सावकाश जाते, साधारण दहावा हिस्सा धरा. म्हणूनच थंडीत फरशीला पाय लावला की चटका बसतो आणि पाटावर बसत नाही. पण तुमचा स्लॅब दिवसभर तापून रात्री आत ऊब ओततो, त्यावर खालून इलाज करण्यात पैसे घालू नका. सोसायटीची परवानगी काढून गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सचे तुकडे) नाहीतर पांढरा उष्णतारोधक रंग करून घ्या. इंटिरिअरवाला हे सुचवणार नाही, कारण ते हॉलमध्ये दिसत नाही.

काळा_पाषाण
दगडाबद्दल मी सांगतो, कॉन्ट्रॅक्टर आहे. आपला दगड बेसाल्ट. काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरावरून आणला, ते तुम्हाला माहीत असेल. दोन सेंटिमीटर जाडीचा बेसाल्ट चौरस फुटाला पाच किलोच्या वर जातो. त्यामुळे रंगावर, पीओपीवर किंवा जिप्सम बोर्डावर चिकटवायचा नाही. प्लास्टर टाचून घ्यायचं आणि दगडासाठीचा अॅडहेसिव्ह वापरायचा. भिंत आतली निवडा. तुमची पश्चिमेची भिंत तशीही संध्याकाळी तापलेली असणार. आणि पूर्ण भिंत नको, काळा दगड उजेड खातो. चार-पाच फुटांचा पट्टा घ्या, टाकीचे घाव असलेला. घोटून गुळगुळीत केलेला घेतलात तर किचन ओट्याची आठवण होईल.

द्राक्षबागेतून
मी निफाड तालुक्यातली. आमच्याकडे थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, द्राक्षांना गारठ्याचा फटका बसू नये म्हणून, त्यामुळे उबेच्या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे 😄

ताई, "खरी आग हवी" म्हणून कोणी कोळशाची शेगडी सुचवली तर ऐकू नका. बंद हॉलमध्ये कोळशाने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच जातो. तुम्ही थंडीला दारं-खिडक्या लावून बसणार, म्हणजे धोका जास्त. इलेक्ट्रिक फायरप्लेससुद्धा कशाला, ती म्हणजे हीटरला चढवलेला दागिना. त्या दगडी पट्ट्यापुढे पाणी तापवायचा तांब्याचा जुना बंब ठेवा. भांडी बाजारात नाहीतर तांबट गल्लीत विचारा. आत एक पिवळा दिवा सोडा. दिवे सगळे पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे घ्या, ६५०० चा पांढरा दिवा लावलात तर कितीही साग लावा, खोली दवाखान्यासारखीच दिसते.

गालिच्याऐवजी घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागाची, काळी. टोचते, हे खरं. सोफ्यावर टाकायची असेल तर खाली सुती चादर घाला, जमिनीवर तशीच. माझी आजी पहिले काही दिवस नवी घोंगडी उन्हात टाकायची आणि मगच आत घ्यायची, वास जातो. पावसाळ्यात मात्र कसर लागते, वरचेवर झटका आणि कडुनिंबाचा पाला ठेवा.

सातवा_मजला
बंबाची कल्पना सासूबाईंना भयंकर आवडली. माहेरचा बंब माळ्यावर आहे म्हणे, उद्याच काढायचा हुकूम झालाय. आता प्रश्न त्यांचाच: जुन्या लाकडातून वाळवी घरात आली तर?

रंधा_पटाशी
त्यांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न बरोबर आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, कडेचा पांढरा भाग मात्र खाते. तेव्हा वखारीतच पांढरा भाग काढायला लावा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ते लाकूड घेऊच नका, स्वस्तात दिलं तरी. बाकीच्याला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी दोन हात, वाळू द्यायचं, मग पॉलिश. चकचकीत पीयू पॉलिश नको, जुन्या लाकडाला अळशीचं तेल शोभतं. तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. कारागिरांना हे दहादा सांगावं लागतं.

आरागिरणीत नेण्याआधी खिळे काढून घ्या. वाड्याच्या लाकडात हाताने घडवलेले जाड खिळे खोल गेलेले असतात, एक जरी राहिला तरी पातं जातं आणि गिरणीवाला भरपाई मागतो. वखारीतून आणताना मिस्त्रीला सोबत न्या, लोहचुंबक घेऊन. आणि हो, दहा फुटी फळ्या तुमच्या लिफ्टमध्ये मावणार नाहीत. जिन्याच्या वळणावर वळतात का ते आधी मोजा, नाहीतर सात मजले दोर लावून बाल्कनीतून ओढाव्या लागतील आणि त्याची मजुरी वेगळी.