सॅक फाटलीय, मुंबईत काय करू? टेप, गोंद की मोची?

घाटवाट_दादर
मंडळी, सल्ला हवाय. ५० लिटरची नायलॉनची सॅक आहे, जुनी झालीय पण पाठीला अशी बसलीय की टाकवत नाही. पेब किल्ल्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत अडकून बाजूला बोटभर फाटली, रेनकव्हरला बारीक भोकं पडलीत आणि उजव्या पट्ट्याची वरची शिवण उसवायला लागलीय. पाऊस तोंडावर आलाय. नवी घे म्हणू नका, ते घरचे रोज म्हणतात. फेविक्विक लावलं तर चालेल? दादर-माटुंग्याकडे कोणी नीट शिवून देतं का?

शिवणटिपण
फेविक्विक नको रे बाबा. सुकलं की काचेसारखं कडक होतं, सॅक दुमडली की तडकतं आणि ती कड बाजूचं चांगलं कापड कापत बसते. पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो, तो पण बाद.

तुझी तिन्ही दुखणी वेगळी आहेत. कापडाच्या मधे फाटलंय तिथे टेप पुरते, पट्ट्यापाशी मात्र शिवणच पाहिजे, सगळं वजन तिथेच लटकतं आणि टेप-गोंद कितीही भारी आणलास तरी तिथे टिकणार नाही.

टेपसाठी गिअर एडची टेनेशियस टेप ऑनलाइन मिळते, महाग वाटते पण जरासाच तुकडा लागतो. आधी साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळव, मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून त्याने पूस (सॅनिटायझर नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, थर राहतो). लोंबणारे धागे ओढू नकोस, काप. फाटलेल्या कडा एकमेकींवर न चढवता समोरासमोर आणायच्या आणि तुकडा चारी बाजूंनी बोटभर जास्त कापायचा, कोपरे गोल करून, टोकदार कोपरा पहिल्याच झुडपात उचकटतो. आतून पण एक तुकडा लाव. वर चमच्याच्या पाठीने जोरात घासायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत उरक, जुलैत आपल्याकडे काही वाळत नाही.

मुलुंडची_माऊ
+१. पण रेनकव्हरला टेप लावायच्या आधी ते कसलं आहे ते बघ. काही हलकी कव्हरं सिलिकॉन कोटिंगची असतात, हाताला गुळगुळीत निसटती लागतात, त्यावर साधी टेप चिकटतच नाही. साधा सेलोटेपचा तुकडा दाबून बघ, लगेच सुटून आला तर समज सिलिकॉन आहे. मग हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या फटी भरायचं पारदर्शक सिलिकॉन आण, ट्यूबवर सिलिकॉनच लिहिलंय ना बघून घे कारण ॲक्रिलिकवालं तसंच दिसतं. भोकावर बोटाने पातळ थर दे, बास. पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर) कोटिंग असेल तर टेप किंवा सीम ग्रिप (शिवणी-भोकं बुजवायचा, सुकल्यावर लवचिक राहणारा गोंद). सीम ग्रिपची ट्यूब एकदा फोडली की उरलेली झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये टाक, नाहीतर आतल्या आत दगड होतो. घरच्यांना आधी सांग पण 😄

रिक्षावाला_नाही_मी
शिवायचं असेल तर स्टेशनबाहेरचा मोची बेस्ट. त्यांच्याकडे आरी असते, जाड पट्टा आणि फोम आरपार टोचता येतो, घरच्या शिलाई मशीनला ते झेपत नाही, सुई मोडते. फक्त ‘शिवून द्या’ म्हणून मोकळा होऊ नकोस. नायलॉनच्या दोऱ्यानेच करा म्हणून सांग, सुती दोरा ओलाव्याने कुजतो. आणि चौकोन मारून मधे फुली घालायला सांग, एका सरळ रेषेत मारलं तर सगळा ताण त्या एकाच ओळीवर येतो.

रिक्षाचे हुड आणि सीट कव्हर शिवणारे असतात ना, त्यांच्या मशीन पण दणकट असतात. धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडच्या लेदरच्या दुकानांच्या मागे बॅगा शिवणारे आहेत, पण एका पट्ट्यासाठी कोणी काम थांबवेल असं नाही, त्यापेक्षा आधी मोचीकाका गाठ. आणि सॅक रिकामी करून धुऊन ने प्लीज, चिखल आणि सुकलेली चटणी त्यांना कशाला.

शिवणटिपण
फुलीचं बरोबर आहे. घरीच करायचं झालं तर जुन्याच भोकांतून सुई घाल, नवी भोकं पाडलीस तर पट्टा कमजोर होतो. उलटी टीप घालत जा, सुई पक्कडीने ओढ. जाड दोरा नसेल तर मेणाचा डेंटल फ्लॉस मस्त चालतो. मिंटवाला नको, माकडं आधीच सॅकवर डोळा ठेवून असतात.

घाटवाट_दादर
भारी लोक आहात! कव्हर चेक केलं, सेलोटेप घट्ट बसली म्हणजे पीयू. अजून एक, सॅक उघडली तर आतून चिकट लागतेय, पांढरे पापुद्रे निघतायत आणि वास पण कुबट. फाटल्यामुळे पाणी गेलंय का?

मुलुंडची_माऊ
नाही, त्याचा फाटण्याशी संबंध नाही. पीयूचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो, मुंबईत तर माळ्यावर बंद ठेवलेली सॅक न वापरता पण चिकट होते. त्यावर टेप लावलीस तर टेप त्या थरासकटच सुटून येईल. फाटलेल्या जागेभोवती तरी तो थर आयसोप्रोपिलने घासून पूर्ण काढ, खाली नुसतं कापड लागलं पाहिजे, मग टेप. बाकीचे पापुद्रे भांड्याच्या मऊ ब्रशने निघतील. कापड अजून चांगलं असतं, फक्त पाणी अडवायचं काम गेलेलं असतं, त्यामुळे यापुढे आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भर, आणि ट्रेकहून आलास की सगळ्या चेन उघड्या ठेवून पंख्याखाली टांग.

रिक्षावाला_नाही_मी
चेनवरून आठवलं, स्लायडर पुढे गेला तरी मागे दात उघडेच राहतात का? तसं असेल तर पूर्ण चेन बदलू नकोस. स्लायडरच्या दोन्ही बाजू पक्कडीने किंचित दाब, अगदी हलक्या हाताने, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. नाहीच झालं तर मोचीकडे नुसता स्लायडर बदलून मिळतो.