मदत हवी आहे: बसथांब्याला जिवंतपणा कसा आणायचा? (मंगळवारच्या आत)

पायरीवरचा
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीसमोरचा बसथांबा आमच्या नागरिक गटाला 'विकसित' करायला मिळतोय. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे आलेत. कल्पना अशी की लोकांनी नुसतं बसची वाट बघत ताटकळू नये, थोडं रेंगाळावं, चार शब्द बोलावेत, थांब्याचा चौक व्हावा. आमची यादी: पुस्तकांचं कपाट, भित्तिचित्र, सेल्फी पॉइंट, बुद्धिबळाचा पट कोरलेलं टेबल, मोबाइल चार्जिंग. मंगळवारी कमिटीसमोर सादरीकरण आहे. यातलं काय ठेवू, काय उडवू? लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

सुट्टे द्या
शहर कुठलं? बस किती वेळाने येते? पाच मिनिटांनी येत असेल तर बुद्धिबळाचा डाव मांडणार कोण? आणि तासाने येत असेल तर आधी बस वाढवून घ्या, कपाटाचं नंतर बघू.

पायरीवरचा
शहर मुद्दाम सांगत नाही, कमिटीतले दोघे इथे वाचतात. बस पंधरा-वीस मिनिटांनी. मुद्द्यावर येऊ या?

रेघोट्या
मी आर्किटेक्ट आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. थांब्याचं तोंड कुठल्या दिशेला? फुटपाथ किती रुंद? छप्पर किती पुढे येतं? जाहिरातीचा फलक कुठल्या बाजूला?
शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण नाही. आपण रस्त्याकडे तोंड करून बसलो की बस उजव्या हाताने येते. बहुतेक थांब्यांत मोठा फलक नेमका उजवीकडेच लावलेला असतो, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांना तो दिसतो. मग बाकावर बसलेल्याला बस दिसत नाही, म्हणून तो उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. बाक रिकामा, आणि लोक म्हणतात 'आपल्याकडे कुणी थांब्यात बसतच नाही.' फलक डावीकडे घ्या. निम्मा जिवंतपणा तिथेच येईल.

पायरीवरचा
तोंड पश्चिमेला. फुटपाथ असेल दहा-बारा फूट, मोजला नाही. फलक उजवीकडेच आहे, पण तो काढता येणार नाही, त्याचं कंत्राट वेगळं आहे. कपाटाबद्दल कुणी बोलेल का?

मु. पो. व्हिएन्ना
आमच्या ऑस्ट्रियात क्रुमबाख नावाचं जेमतेम हजार वस्तीचं गाव आहे. तिथे 2014 मध्ये सात वेगवेगळ्या देशांच्या आर्किटेक्टांकडून सात बसथांबे करून घेतले. फीऐवजी त्यांना त्या भागात सुट्टी घालवायला बोलावलं! आता लोक फक्त थांबे बघायला येतात. सेल्फी पॉइंटची कल्पना मला तरी वाईट वाटत नाही. वेगळं करायला घाबरू नका.

सुट्टे द्या
त्यातल्या जपानी फुजिमोतोंच्या थांब्याला नुसत्या बारीक लोखंडी सळया आणि मधे जिना आहे ना? पाऊस आला की सळया मोजत बसायचं. आमच्याकडे जुलैत असला थांबा करून दाखवा, प्रवाशी सळईने हाणतील.

मु. पो. व्हिएन्ना
इथली बस वेळेवर येते हो, छपराची गरज कमी पडते.

सुट्टे द्या
तेच तर पहिल्या प्रतिसादात म्हणालो.

हिरवा कोपरा
व्हर्टिकल गार्डन करा. मी आमच्या सोसायटीच्या गेटला केलंय, फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते. मनी प्लँट, सिंगोनियम, खर्च फार नाही. तापमान उतरतं, डोळ्याला बरं वाटतं.

रेघोट्या
पाणी कोण घालणार? उड्डाणपुलांच्या खांबांवरच्या वाळक्या कुंड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

हिरवा कोपरा
ठिबक लावायचं. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असेल तर काहीच करू नका.

इतिहासाचा तास
जरा अवांतर. 'दादर टीटी'तलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, पण नाव अजून तोंडात आहे. थांब्याला जिवंतपणा असा असतो, वाहन गेलं तरी जागा राहते. तुमच्या थांब्याचं नाव काय आहे? नावावरून बरंच कळतं.

पायरीवरचा
फलकावर कुण्या भवनाचं नाव आहे. लोक वडाचा स्टॉप म्हणतात. यातून मला मंगळवारी काय सांगायचंय ते कळलं तर बरं होईल.

पांढरी काठी
मला दिसत नाही, तेव्हा भित्तिचित्राबद्दल मत नाही. कपाट आणि टेबल मात्र चालायच्या वाटेत येऊ देऊ नका. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषांत चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी वाट सांगितली आहे, आणि ती थांब्याच्या मागून किंवा पुढून सलग हवी. कपाट भिंतीवर अधांतरी टांगलं तर आणखी वाईट, काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटतं.
दुसरं असं की आमच्या कॉलनीचा थांबा मी भज्यांच्या तळणीवरून ओळखतो. वास आणि कढईचा आवाज. गाडीवाला गावाला गेला की मी एक थांबा पुढे उतरतो, दोनदा झालंय. आणि कुठली बस आली हे तोच ओरडून सांगतो. तुमच्या थांब्याजवळ असं कुणी आहे का?

पायरीवरचा
चहाची टपरी आहे. ती हटवायची आहे, ते यादीत लिहायचं राहिलं.

सुट्टे द्या
थांबा थांबा. लोकांनी रेंगाळावं म्हणून चार वस्तू आणताय आणि लोक जिथे रेंगाळतात ती एक उचलताय?

पायरीवरचा
मी नाही, कमिटी. कचरा होतो, कागदी कप पडतात, संध्याकाळी टोळकं उभं असतं. बायकांना त्रास होतो अशी तक्रार आहे.

अर्धं तिकीट
कुठल्या बायकांना? मी रोज रात्री साडेनऊला उतरते. टपरी चालू असते तोवर मी फोन पर्समध्ये ठेवून चालते. बंद असली की किल्ली बोटांत धरून. टोळक्याचा त्रास असेल तर दिवे लावा, थांब्याची मागची बाजू पारदर्शक करा. भित्तिचित्र काढायला तुम्ही मागे भिंतच घालणार असाल तर माझं मत विरोधात. भिंतीमागे कोण उभं आहे ते मला दिसायला हवं.

पेठेतला
कायद्याचं सांगतो. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र, मग जागा, हे सगळं नगर पथविक्रेता समितीकडून व्हायचं असतं, आणि त्या समितीत किमान 40 टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी लागतात. नागरिक गटाने 'हटवायचं ठरवलं' याला अर्थ नाही. टपरीवाल्याकडे प्रमाणपत्र आहे का, विचारलंत?

पायरीवरचा
टपरीवाली आहे, मावशी आहेत. विचारलं नाही.

हिरवा कोपरा
मनी प्लँटला कमी पाणी लागतं, एवढंच सांगायचं होतं.

रेघोट्या
मला 'वडाचा स्टॉप' हे नाव खटकतंय. वड कुठे आहे?

पायरीवरचा
थांब्यापासून तीस-चाळीस पावलं अलीकडे. टपरी तिथेच. स्पीडब्रेकरही तिथेच आहे म्हणून ड्रायव्हर तिथेच बस हळू करतात, लोक तिथेच चढतात. थांब्याच्या शेडमध्ये फारसं कुणी नसतं, म्हणून तर जिवंतपणा आणायचाय.

रेघोट्या
हे विसाव्या प्रतिसादानंतर सांगताय!
अहो, तुमचा थांबा जिवंत आहे, फक्त शेड चुकीच्या जागी आहे. पश्चिमेला तोंड, म्हणजे तीननंतर ऊन थेट मांडीवर. फलकामुळे बस दिसत नाही. आणि अलीकडे वडाची सावली, चहा, हळू होणारी बस. तुम्ही तरी कुठे उभे राहाल? गावात झाडाभोवती पार बांधतात, तोच हवाय. पण बुंध्याभोवती एक मीटर तरी माती उघडी सोडा, काँक्रीटने गळा आवळू नका. पाराची उंची गुडघ्याइतकी, रस्त्याच्या बाजूने अखंड नको, चढा-उतरायला मधे मोकळं ठेवा. बस खरोखर तिथेच अधिकृतपणे थांबावी यासाठी परिवहनकडे अर्ज करा. सगळ्यात आधी एक दिवस तिथे बसून माणसं मोजा.

मु. पो. व्हिएन्ना
सिंगापूरला जुरोंगमध्ये 2016 साली झोका, पुस्तकं, चार्जिंग असलेला प्रायोगिक थांबा केला होता. पण तो थांबा मुळात वापरात होता. बाकी रेघोट्यांशी सहमत, फुजिमोतोंबद्दल मात्र 'सुट्टे द्या' यांच्याशी नाही.

पांढरी काठी
पाराच्या कडेला वर उठलेल्या ठिपक्यांची फरशी टाका. कडा कळली पाहिजे.

नवा सभासद
एसटीचा ज्येष्ठांचा पास ऑनलाइन मिळतो का? इथे विचारलं तर चालेल ना?

पायरीवरचा
आज सकाळी साडेसात ते नऊ बसलो. वडाखाली 63 माणसं चढली. शेडमध्ये 4, त्यातला एक झोपलेला होता, तो चढलाच नाही, म्हणजे 3. फुटपाथ मोजला, वडापाशी सव्वाआठ फूट निघाला, बारा नाही.
मावशींकडे प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावलंय. बसच्या वेळा त्यांनी पत्र्यावर खडूने लिहिल्यात, थांब्यावरच्या वेळापत्रकापेक्षा खऱ्या. कपाची बादली ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, ठेवली होती, बादलीच चोरीला गेली.
कपाट आणि सेल्फी पॉइंट उडवले. चार्जिंग ठेवतोय, देणगीदारांना काहीतरी दिसायला हवं. पाराचं रेखाटन कुणी आज रात्री करून देईल का? मावशींनाही मंगळवारी सादरीकरणाला बोलावलंय, अकरा वाजता.

रेघोट्या
रेखाटन देतो. वडाचा घेर मोजून पाठवा, छातीच्या उंचीवर.

अर्धं तिकीट
अकराला टपरीवर कोण बसणार?

पायरीवरचा
हे लक्षातच आलं नाही. विचारून सांगतो.

पायरीवरचा
म्हणाल्या, तीननंतर ठेवा, नाहीतर कमिटीलाच इकडे आणा.