एका कर्मचाऱ्याला दोन साहेब असावेत का?

दुसरी पाळी (धागा लेखक)

बारावीला वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे आठवत असतील, निदान परीक्षेपुरती तरी. त्यांतले चौथे तत्त्व आदेशातील एकवाक्यतेचे आहे: कोणत्याही कामासाठी कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. हल्ली कार्यालयांत मॅट्रिक्स रचना आली, एकेका माणसाला प्रकल्पाचा एक आणि विभागाचा एक असे दोन मॅनेजर मिळाले, आणि प्रशिक्षणाला येणारे तज्ज्ञ हे तत्त्व गिरण्या-खाणींच्या काळातले होते असे सांगून पुढच्या स्लाइडकडे वळू लागले. माझे मत असे आहे की १४ तत्त्वांपैकी आज सर्वांत जास्त गरज याच तत्त्वाची आहे, आणि तीही साहेबाचा मान राखण्यासाठी नव्हे, तर सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या संरक्षणासाठी.

फेयॉल हा काही प्राध्यापक नव्हता. १८६० साली, वयाच्या १९व्या वर्षी, तो फ्रान्समधील कॉमेंट्रीच्या कोळसा खाणीत अभियंता म्हणून रुजू झाला. १८८८ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्याच कंपनीची सूत्रे त्याच्याकडे आली, आणि १९१८ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा कंपनी भक्कम स्थितीत होती. तत्त्वे त्याने १९१६ मध्ये, म्हणजे पंचाहत्तरीला पोहोचल्यावर प्रसिद्ध केली. दुहेरी आदेश कुठून उगवतो याची त्याने दिलेली कारणे आजही ओळखीची वाटतात: मोठा साहेब मधल्या साहेबाला ओलांडून थेट खाली सांगतो, दोन विभागांच्या हद्दी नीट आखलेल्या नसतात, दोन भागीदार किंवा एकाच घरातली दोन माणसे वाईटपणा नको म्हणून अधिकारांची वाटणीच करत नाहीत. भावाभावांच्या दुकानात किंवा कारखान्यात नोकरी केलेल्या कोणालाही यातले शेवटचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. रात्रपाळीला गुणवत्ता विभागाच्या निरीक्षकाने मापात न बसणाऱ्या भागांच्या पेटीवर लाल टॅग लावला आणि ऑपरेटरला मशीन थांबवायला सांगितले. अर्ध्या तासाने उत्पादन विभागाचा सुपरवायझर आला, बाहेर गाडी भरायची थांबली आहे म्हणाला आणि मशीन सुरू करायला लावले. ऑपरेटर कंत्राटी होता, त्याने दोघांचेही ऐकले. सकाळी उत्पादनाच्या अहवालात लिहिले होते की ऑपरेटरने परवानगीशिवाय अर्धा तास मशीन बंद ठेवले, आणि गुणवत्तेच्या अहवालात लिहिले होते की सूचना असूनही ऑपरेटरने मशीन चालवले. घटना म्हणून दोन्ही वाक्ये खरी होती. दोन विभागांतला मतभेद दोन विभागप्रमुखांनी समोरासमोर बसून मिटवायचा असतो. इथे तो मिटवण्याचे काम सर्वांत कमी पगाराच्या माणसावर टाकले गेले आणि त्याला ते जमले नाही म्हणून त्याचाच करार वाढवला गेला नाही.

दोन साहेबांच्या रचनेला ‘लवचीक’ म्हणणाऱ्यांनी ही लवचीकता नक्की कोणाच्या पाठीवर बेतलेली असते हे सांगावे.

जुनी वही

प्रसंग अस्वस्थ करणारा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुमच्या तत्त्वाप्रमाणे त्या ऑपरेटरला फक्त उत्पादनाच्या सुपरवायझरचे ऐकायचे असते, तर ते सदोष भाग निमूटपणे गाडीत चढले असते. गुणवत्ता निरीक्षकाला थेट मशीनवर जाऊन ‘थांब’ म्हणता येणे ही त्या पदाची सगळी किंमत आहे. सुरक्षा अधिकाऱ्याबाबतही हेच. त्याने आधी अर्ज करून कारखान्याच्या व्यवस्थापकामार्फत खाली कळवावे, असे तुम्ही म्हणणार आहात का?

फेयॉलच्या आधीच फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने हा प्रश्न ओळखला होता. एका मुकादमाच्या अंगी सगळी कौशल्ये असू शकत नाहीत म्हणून त्याने एका कामगारावर आठ वेगवेगळे मुकादम सुचवले: कामाचा क्रम, सूचनापत्रक, वेळ आणि खर्च, शिस्त हे पाहणारे चार जण नियोजनाच्या खोलीत, आणि टोळी, यंत्राचा वेग, तपासणी, दुरुस्ती पाहणारे चार जण प्रत्यक्ष शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांजवळ. फेयॉलने याला विरोध केला, कारण त्याच्या चौथ्या तत्त्वाचा तो सरळसरळ भंग होता. टेलरचे आठ मुकादम जसेच्या तसे फारसे कुठे टिकले नाहीत, हे मान्य. पण आज देखभाल, गुणवत्ता, सुरक्षा, नियोजन असे स्वतंत्र विभाग प्रत्येक कारखान्यात आहेत, आणि त्या सर्वांचा शब्द मशीनपर्यंत पोहोचतो. व्यवहारात टेलर जिंकला आणि पाठ्यपुस्तकात फेयॉल.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकन प्रशासन-अभ्यासकाने १९४६ मध्ये या सगळ्या तत्त्वांची म्हणींशी तुलना केली होती. म्हणी जोडीने येतात आणि एकमेकींच्या विरुद्ध असतात. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आहे आणि ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हीही आहे, आणि काम उरकल्यावर जी शोभेल ती लावता येते. सायमनचे उदाहरण असे: शिक्षण खात्यात बसलेला लेखापाल जर शिक्षणतज्ज्ञाच्या हाताखाली असेल, तर आदेशातील एकवाक्यता पाळल्यास हिशेबाच्या तांत्रिक बाबींतही वित्त विभाग त्याला थेट आदेश देऊ शकत नाही. म्हणजे विशेषज्ञता हवी असेल तर एकवाक्यता सोडावी लागते, आणि एकवाक्यता हवी असेल तर ज्याला हिशेब कळत नाही त्याच्याकडून हिशेबाचे आदेश घ्यावे लागतात. दोन्ही तत्त्वे एकाच यादीत आहेत. कोणते केव्हा लावायचे हे यादी सांगत नाही.

शिवाय फेयॉलच्या स्वतःच्या खाणीतला १८६१ सालचा प्रसंग पाहा. खाणीत काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. तरुण फेयॉलने बदली घोड्यासाठी चिठ्ठी दिली, पण तिच्यावर संचालकाची सही नाही म्हणून तबेल्याच्या माणसाने घोडा दिला नाही. संचालक गावाला गेलेला होता आणि त्याच्या जागी कोणी नेमलेला नव्हता. तबेल्याचा तो माणूस आदेशातील एकवाक्यता अगदी काटेकोर पाळत होता!

ताळेबंद

मी बँकेतला माणूस असल्यामुळे मला हा वाद थोडा वेगळा दिसतो. अधिकार एकाच हाती असणे हीच कित्येकदा जोखीम असते. आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. एक जण रजेवर जाताना आपल्या किल्लीचा ताबा नोंदवहीत सही घेऊनच तिसऱ्या अधिकाऱ्याला देतो. शाखाधिकारी कितीही वरिष्ठ असला तरी एकट्याने तिजोरी उघडू शकत नाही. यात गैरसोय आहे, आणि ती मुद्दाम केलेली आहे.

हा विचार फ्रान्सहून आलेला नाही. शिवकाळातील गडांची व्यवस्था सभासद बखरीत दिली आहे: गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकाच दर्जाचे अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार करायचा असे. एक फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. चौथे तत्त्व तिथे लावून एकच किल्लेदार सर्वाधिकारी केला असता, तर शत्रूला एकाच माणसाची किंमत ठरवावी लागली असती.

धागा लेखकांनी फेयॉलला कामगारांचा कैवारी ठरवले आहे. मला तर त्याच्या मांडणीत मालकाची सोय अधिक दिसते. ज्याला एकच साहेब आहे, त्या कर्मचाऱ्याला त्या साहेबाविरुद्ध दाद मागायला जागा कुठे उरते?

दुसरी पाळी (धागा लेखक)

तिजोरीचे आणि गडाचे उदाहरण महत्त्वाचे आहे, पण ते या प्रश्नाचे नाही. दोन किल्ल्यांच्या व्यवस्थेत दोन अधिकारी मिळून एकच निर्णय घेतात. तिजोरी एक तर उघडते किंवा उघडत नाही. ‘उघड’ आणि ‘उघडू नको’ असे दोन हुकूम शिपायाला सुटे सुटे मिळत नाहीत. गडावरच्या तिघांनीही मिळून कारभार करायचा होता. अधिकार वाटून घेणे आणि एकाच माणसावर दोन बाजूंनी हुकूम सोडणे यांत फरक आहे, आणि फेयॉलचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. दाद कुठे मागायची, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच यादीत आहे: समन्यायाचे तत्त्व अकरावे आहे आणि ते त्याने शोभेसाठी लिहिलेले नाही. ते पाळायचे की नाही हे साहेबाच्याच मर्जीवर राहते, ही त्यातली उणीव मी नाकारत नाही.

घोड्याच्या प्रसंगातून खुद्द फेयॉलने काय घेतले ते पाहावे. साखळी मोडून प्रत्येकाने कुठूनही घोडा न्यावा असे त्याने म्हटले नाही. अधिकाराची जागा कधीही रिकामी राहू नये, अनुपस्थितीत कोण हे आधी ठरलेले असावे, असे म्हटले. पुढे दोन विभागांतल्या समपदस्थांनी वरिष्ठांच्या संमतीने परस्पर बोलून काम उरकावे, यासाठी साखळीत आडवी फळी टाकण्याची सोयही त्यानेच सांगितली. व्यवस्थापनात काहीही ताठर किंवा निरपेक्ष नसते, सगळा प्रश्न प्रमाणाचा असतो, हे त्याच पुस्तकातले त्याचे म्हणणे १४ तत्त्वे पाठ करवून घेणारे सहसा सांगत नाहीत.

आता सायमनविषयी. ‘जुनी वही’ यांनी त्याच्या लेखाचा अर्धा भाग सांगितला. तत्त्वाची खिल्ली उडवल्यावर सायमनने त्याचे एक नेमके रूप दिले आहे: दोन अधिकृत आदेश परस्परविरोधी ठरले, तर कोणाचे ऐकायचे ती एक व्यक्ती आधीच निश्चित असावी, आणि शिक्षा झाली तर फक्त त्या व्यक्तीचे न ऐकल्याबद्दल व्हावी. माझी मागणी एवढीच आहे. निरीक्षकाने मशीनवर जाऊन ‘थांब’ जरूर म्हणावे, पण लाल टॅग लागल्यावर त्याचाच शब्द अखेरचा, हे भिंतीवर लिहिलेले असावे, म्हणजे सुपरवायझरला त्याच्याशी भांडावे लागेल, ऑपरेटरशी नाही.

जुनी वही

मग वाद संपला, कारण तुम्ही फेयॉलला सोडून सायमनकडे आलात. फेयॉल म्हणतो की आदेश एकाकडूनच यावेत. तुम्ही म्हणता की आदेश कितीही जणांकडून यावेत, फक्त तंटा झाला तर निकाल कोणाचा हे ठरलेले असावे. आपण दोघे ज्या रचनेला मान्यता देत आहोत, तिला फेयॉलने दुहेरी आदेशच म्हटले असते.

मी तर आणखी पुढे जाईन. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन व्यवस्थापन-विचारक बाईंनी १९२० च्या दशकात मांडले होते की आदेश माणसाकडून नव्हे, परिस्थितीकडून घ्यावा: दोघांनी मिळून परिस्थिती तपासावी आणि तिला जे हवे ते करावे. माप चुकलेले आहे हे गेज, म्हणजे मोजण्याचे साधन, सांगतो. तिथे साहेब एक की दोन हा प्रश्न उरायलाच नको होता.

खडूफळा

फॉलेटबाईंचे म्हणणे ज्यांच्या हाती निर्णय आहे अशा दोघांसाठी ठीक आहे. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवतो आणि माझ्याकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे बीएलओचेही काम आहे. शाळेसाठी मला केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी आहेत. मतदार यादीच्या कामासाठी मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १३ सीसी प्रमाणे मी निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते, आणि त्या काळात त्या कामापुरते नियंत्रण व शिस्त आयोगाची. एका साहेबाच्या हाती माझा गोपनीय अहवाल आहे. दुसऱ्या बाजूला, कामात कसूर केल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ३२ खाली कारावासाचीही तरतूद आहे.

सायमनला हवा होता तसा निवाडा आमच्या बाबतीत झालेला आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने केला आहे: २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात ठरले की शिक्षकांकडून हे काम सुटीच्या दिवशी आणि अध्यापनाची वेळ सोडून घ्यावे. कागदावर याहून स्पष्ट काय असणार? प्रत्यक्षात तहसीलच्या निवडणूक शाखेतून सकाळी ११ वाजता फोन येतो की आजच्या आज अर्ज ऑनलाइन भरा, आणि मी दुसरीच्या मुलांना चौथीच्या वर्गात बसवून मोबाइल काढतो. फोन करणाऱ्या लिपिकालाही वरून तसाच फोन आलेला असतो. त्याला ‘न्यायालयाने असे म्हटले आहे’ हे सांगण्याइतकी माझी पायरी उंच नाही. म्हणून कोणाचे ऐकायचे हे नुसते लिहून ठेवले की खालचा माणूस सुटतो, हे मला पटत नाही. लेखी आदेश मागण्याची हिंमत करणाऱ्या सहकाऱ्याला आमच्याकडे ‘आडमुठा’ म्हणतात.

जुनी वही

सर, तुमच्या बाबतीत दुखणे दोन साहेबांचे नाही, दोन माणसांचे काम एकाला दिल्याचे आहे. उद्या तहसीलदार आणि गटशिक्षणाधिकारी ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आली, तर आदेशातील एकवाक्यता शंभर टक्के साधेल आणि ११ वाजताचा फोन तरीही येईलच.

दुसरी पाळी (धागा लेखक)

येईल. पण त्या दिवशी चौथीच्या वर्गाचे जे नुकसान झाले, त्याचा जाब फोन करायला लावणाऱ्यालाच द्यावा लागेल, कारण तो वर्गही त्याचाच असेल. आज तहसीलदाराच्या आढावा बैठकीत भरलेल्या अर्जांचा आकडा असतो, बुडालेल्या तासांचा नसतो. आणि गटशिक्षणाधिकाऱ्याच्या बैठकीत तास असतात, अर्ज नसतात. दोन्ही आकडे एका टेबलावर आले, तर दुसरा माणूस नेमण्याची मागणी निदान त्या टेबलावरून वर जाईल. सध्या ती एका शिक्षकाने करायची आहे, आणि त्याला त्यासाठी आडमुठा म्हणवून घ्यावे लागते.