बाबांना कीनाय नदीवर गाइडेड फ्लोट ट्रिपला न्यायचंय, कधी आणि किती वेळाची?

केतकी_प
बाबा ६९ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण गळ टाकून बसले की जेवणाचीही आठवण राहत नाही. त्यांना अलास्कात कूपर लँडिंगहून ड्रिफ्ट बोटीने (प्रवाहाबरोबर वाहत जाणारी वल्ह्यांची बोट) न्यायचंय, गाइडसकट. ट्राउट हवाच, सॅमन मिळाला तर सोनंच. दोघांचे मिळून ६०० डॉलर, त्यावर नाही. महिना कोणता? हाफ डे की फुल डे?

पाणकावळा
जुलैच, दुसरा विचार करू नका. मध्य जुलैपासून रशियन रिव्हर या उपनदीकडे जाणारा सॉकाय सॅमन नुसता लोटतो, मी आणि मेव्हण्याने तीन-तीन काढले म्हणजे दिवसाचं लिमिटच झालं, फ्रीझर भरला. फुल डे घ्या, हाफ डेत हात बसेतो परतायची वेळ होते. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ देत की.

रानवाट७
+१ जुलै, +१ फुल डे. गाइडची टिप १५-२० टक्के वेगळी धरा. लायसन्सही वेगळं, बाहेरच्यांना एका दिवसाचं १५ डॉलर. आणि फेल्ट सोलचे (नमद्याच्या तळाचे) बूट नेऊ नका, तिथे गोड्या पाण्यात मासेमारीला चालत नाहीत, मी नवेकोरे नेले आणि सकाळी सहाला भाड्याचे रबरी शोधत फिरलो.

दर्यादिल
कीनायला जाऊन किंग सॅमन सोडताय? १९८५ चा ९७ पौंडांचा रेकॉर्ड किंग याच नदीतला!

पाणकावळा
अहो तो खालच्या पट्ट्यातला, तिकडे मोटरबोटी. वर कूपर लँडिंगकडे वल्ह्यांचीच बोट आणि तिथे किंग धरायला परवानगीच नाही. शिवाय किंग इतके घटलेत की हल्ली खालीही सीझन बंद ठेवतात.

दर्यादिल
रेकॉर्ड तो रेकॉर्ड.

मीनल_घ
गुडघ्यांचं कुणी वाचलंच नाही का? सॉकायसाठी बोट खडीला लावून गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं, पाणी हिमनदीचं, दहा मिनिटांत पाय बधिर. त्यात नदीत शिरलेला सॉकाय काही खात नाही, प्रवाहातून दोरी ओढत त्याच्या तोंडात गळ अडकवायचा, तासन् तास तेच. ट्राउटला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर जा. सॅमन अंडी घालतात आणि ती खायला रेनबो ट्राउट त्यांच्या मागे तोंड उघडून उभे असतात. अंड्याएवढा प्लास्टिकचा मणी, खाली गळ, वर इंडिकेटर म्हणजे तरंगता गोळा, सगळं बोटीत बसून. इंडिकेटर गपकन बुडतो तेव्हा कळतं. १६ इंचांवरचा रेनबो सोडावाच लागतो, फोटो पाण्यालगतच काढा. पण फुल डेच घ्या हं.

रानवाट७
सप्टेंबरला पाऊस असतो. जुलैच.

केतकी_प
सगळ्यांचे आभार. सप्टेंबरचा पहिला आठवडा, हाफ डे, बुक केलं. फुल डे सगळ्यांनीच सांगितला, पण चार तासांनंतर बाबांना बोटीच्या फळीवर बसवत नाही हे मला माहीत आहे, आणि टिप धरून ६०० त बसतंय. रात्री फोनवर त्यांना मण्याचं सांगितलं, तर म्हणाले, रंग कोणता लावतात ते विचार आधी.

मीनल_घ
ताज्या अंड्यांना केशरी, जुनी झाली की फिकट. गाइडकडे डबाभर असतात, काकांना स्वतः निवडू द्या.