जुन्या सप्लायरला सेल्फ सर्टिफिकेशन द्यायचं, पण कशाच्या भरवशावर?

भोसरी_इनकमिंग
मंडळी, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मी इनकमिंग इन्स्पेक्शन बघतो. तळवड्याचा एक सप्लायर आम्हाला स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा, ग्राइंड करून देतो. व्यास 16 मिमी, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, जेमतेम 4 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणूस सरळ, माल चांगला. आता मॅनेजमेंटचं म्हणणं, त्याचा माल त्यानेच तपासावा, रिपोर्ट जोडावा आणि ट्रॉली थेट असेंब्लीला जावी. एकच स्पूल आधी त्याच्या आणि मग आमच्या एअर गेजवर (हवेच्या दाबावरून व्यास मोजणारं उपकरण) चढतो, हे मलाही पटत नाही. माल इन्स्पेक्शनला अडकतो आणि असेंब्लीवाले माझ्या नावाने ओरडतात.

पण त्याचे रिपोर्ट बघितले की धास्ती वाटते. प्रत्येक लॉटला पाच नग आणि पाचही रीडिंग टॉलरन्सच्या अगदी मधोमध. ग्राइंडिंगमध्ये दर वेळी असं येत नाही हो. माल चांगला आहे हे मला आमच्या तपासणीमुळे कळतं, त्याच्या कागदावरून नाही. ती तपासणीच बंद केली तर विसंबायचं कशावर? कुणी हे नीट चालवलंय का?

जॉबवर्क_तळवडे
साहेब, मी सप्लायरच्या बाजूने सांगतो, माझंही ग्राइंडिंगचं शॉप आहे. रीडिंग मधोमध का येतात? वरच्या हद्दीच्या अर्धा मायक्रॉन आतला आकडा खरा लिहिला की कस्टमरकडून फोन येतो, "हा बॉर्डरला का?" नग टॉलरन्समध्ये असूनही लॉट थांबतो. मधला आकडा लिहिला की चलनावर शिक्का पडतो, हे तपासणाऱ्या पोराला लगेच कळतं. बॉर्डरचा नग आत असेल तर तो ओके, हे आधी तुमच्या माणसांना सांगा. मग खरे आकडे येतील.

आणि पैशाचं बोला. एका कस्टमरने आम्हाला सेल्फ सर्टिफिकेशन दिलं, दर मात्र तोच ठेवला. तपासणीला वेगळा माणूस, मास्टरचं (ज्यावर गेज सेट करतात तो प्रमाण नग) एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून कॅलिब्रेशन, सगळा खर्च आमच्या अंगावर. वर एक नग अडला तर लाइन थांबल्याची डेबिट नोट. असं असेल तर नको ती परवानगी.

चाकण_एसक्यू
दादांचं दराबद्दलचं म्हणणं रास्त आहे. मी चाकणला सप्लायर क्वालिटीत आहे, आणि माझं ठाम मत आहे की परवानगी सप्लायरला द्यायची नसते, ड्रॉइंगवरच्या एकेका मापाला द्यायची असते. लांबी, खाचेची रुंदी आजच त्याच्यावर सोडा. व्यासाचं तसं नाही.

आधी त्याच्या लॉटमधले दहा स्पूल घ्या, नंबर टाका, त्याच्या माणसाकडून त्याच्या गेजवर मोजून घ्या. मग ते आकडे न बघता तुमच्याकडे मोजा. आम्ही असं केलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक नग आमच्याकडे दीड मायक्रॉनच्या आसपास कमी भरला. मी त्यांच्या शॉपवर जाऊन उभी राहिले. मुलगा ग्राइंडरवरून उतरलेला स्पूल कूलंट पुसून तसाच कोमट गेजमध्ये घालत होता, आणि मास्टर पेटीतला, गार. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. 16 मिमीला 10 अंशांचा फरक म्हणजे 1.8 मायक्रॉन, तुमच्या 4 मधले जवळपास निम्मे! कुणी खोटं लिहीत नव्हतं. आता नग आणि मास्टर एकाच सरफेस प्लेटवर शेजारी ठेवतात, नग निवला की मगच मोजतात.

त्यानंतर गेज आर अँड आर करा, म्हणजे तोच नग पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजल्यावर आकड्यात किती फरक पडतो ते बघा. 10 टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम, 30 च्या वर गेलं तर त्या गेजवर विसंबूच नका. मग पाच नगांचा कागद बंद करून चालू उत्पादनातली रीडिंग क्रमाने मागवा. गुरुवारची सुट्टी झाल्यावर शुक्रवारी गार मशीनवर निघालेले पहिले नग त्यात हवेतच. सीपीके (प्रोसेस टॉलरन्सच्या किती आरामात आत बसते त्याचा आकडा) 1.67 टिकला की व्यासही त्याच्यावर सोडा. मशीन बदललं किंवा हीट ट्रीटमेंट दुसरीकडे गेली तर परवानगी आपोआप रद्द, हे करारात लिहा.

कडांवरची बर (मशीनिंगनंतर राहिलेली धातूची बारीक कणी) मात्र शेवटपर्यंत स्वतः बघा. स्पूलची कड धारदार हवी, पण बर नको, आणि ती एअर गेजवर दिसत नाही. स्पूल अडकतो तो बऱ्याचदा तिच्यामुळेच.

अजून एक. महिनाअखेरीला खराब मालाची गाडी थांबवायचा अधिकार त्याच्या इन्स्पेक्टरला आहे का? त्यालाच विचारा, मालकासमोर नको.

ऑडिट_पिंपरी
ऑडिटची भीती नको. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये 8.6.4 कलमाखाली सप्लायरचा सांख्यिकी डेटा घेऊन त्याचं मूल्यमापन करणं हाही मान्य मार्ग आहे. डेटा नुसता फायलीत लावलात तर मात्र ऑडिटर धरतो.

भोसरी_इनकमिंग
मॅडम, तापमानाचं डोक्यातच आलं नव्हतं. आमची मेट्रॉलॉजी रूम 20 अंशांना असते आणि त्याचं शॉप पत्र्याखाली आहे. येत्या लॉटचे दहा स्पूल नंबर टाकून स्वतः घेऊन जातो. जॉबवर्क_तळवडे, दर नगामागे वाढवून मागाल की कॅलिब्रेशनचं वेगळं बिल? पर्चेसला कोणतं पटकन पटतं?

जॉबवर्क_तळवडे
नगामागेच मागा. वेगळं बिल दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं.