मदत हवी आहे: आईला बार्सिलोना दाखवायचंय (गुडघेदुखी, मधुमेह, पूर्ण शाकाहारी)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन बार्सिलोनाला जायचं ठरतंय. आम्ही दोघीच. हातात पाच पूर्ण दिवस. आई 71 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे आणि ती अंडंही खात नाही.

आई सांगलीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या कपाटाच्या दाराला आतून रविवारच्या पुरवणीतलं एक कात्रण खळीने चिकटवलेलं आहे, सग्रादा फमिलियाचं. कडा पिवळ्या पडल्यात, खळीचे डाग वरून दिसतात. कपाट उघडलं की आधी ते दिसतं, मग साड्या. बाबा होते तेव्हा पैशाची जुळवाजुळव झाली नाही, नंतर त्यांचं आजारपण आलं. आता मला जमतंय. म्हणून या वेळी माद्रिद, ग्रानाडा काहीच नको. ते एक देऊळ (आई चर्चला देऊळच म्हणते) तिला निवांत, बसून, डोळे भरून बघता यावं, एवढ्यासाठी ही सहल आहे.

आता अडलंय कुठे ते सांगते. तिकिटाला ठरावीक वेळ निवडावी लागते, तर सकाळची घेऊ की दुपारची? मनोऱ्यावर जायचं वेगळं तिकीट असतं, ते आईला झेपेल का? दुसरं, राहण्याचं. आमचे एजंट जुन्या शहरात एक फ्लॅट सुचवतायत, लिफ्ट नाही पण "पहिलाच मजला आहे" म्हणतात. तिसरं जेवणाचं. तिकडे रात्रीचं जेवण नऊला सुरू होतं असं वाचलं, आईला आठच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं. आणि चोऱ्यांबद्दल इतकं वाचलंय की झोप उडाली आहे.

ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे शहर पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. पार्क ग्वेल (टेकडीवरची बाग) जमणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

*

प्रतिसाद:

ताई, मी सहा वर्षं तिथे राहिलो. माझ्या आई-वडिलांनाही फिरवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो फ्लॅट रद्द करा. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'एन्त्रेस्वेलो', त्याच्यावर 'प्रिन्सिपाल' आणि त्यानंतर 'पहिला' असे मजले असू शकतात. म्हणजे पहिला मजला म्हणता म्हणता तीन जिने चढायचे, तेही अरुंद. शिवाय जुन्या शहरातल्या गल्ल्या फरसबंदी. एशाम्प्ला भागात बघा. इल्देफॉन्स सेर्दा नावाच्या अभियंत्याने 1859 साली आखलेला हा भाग आहे. रस्ते सरळ, बराचसा सपाट आणि प्रत्येक चौकाचे कोपरे तिरके छाटलेले, त्यामुळे चौक मोकळे वाटतात. सग्रादा फमिलियाही याच भागात आहे. घर घेताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारा.

आता मुख्य गोष्ट. इमारतीच्या दोन बाजू दोन वेळांना बघायच्या. येशूजन्माची बाजू पूर्वेकडची. तिच्यासमोर रस्त्यापलीकडे बाग आहे, प्लासा द गौदी. तिथे छोटं तळं आहे आणि तळ्यात सगळे सुळके उलटे दिसतात. बाकं आहेत, झाडं आहेत. सकाळचं ऊन थेट त्या दर्शनी भागावर पडतं. तिथे तिकीट लागत नाही. आईंना चित्रवही घेऊन तिथे हवा तितका वेळ बसू दे. दगडातली पानं, पक्षी, कासवं त्या बाजूलाच कोरलेली आहेत. खांबांच्या पायथ्याशी दोन कासवं आहेत, एक समुद्रातलं, एक जमिनीवरचं. ती त्यांना आवर्जून दाखवा.

आत मात्र दुपारी जा. साडेचारच्या सुमाराची वेळ घ्या. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, तोही सुंदरच. पण उतरत्या उन्हात पश्चिमेच्या काचा पेटतात. लाल, नारिंगी, हळदीसारखा पिवळा. खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटलेले आहेत आणि त्या खोडांवर हा रंग सरकत जातो. माझे वडील कधी फारसं बोलत नाहीत. ते तिथे बाकावर बसून अर्धा तास नुसते वर बघत होते.

मनोऱ्याचं तिकीट घेऊ नका. वर लिफ्ट नेते, पण उतरताना अरुंद गोल जिना पायी उतरावा लागतो. गुडघ्यांना तो अजिबात नको. त्याऐवजी खालच्या संग्रहालयाला वेळ द्या. गौदी, म्हणजे या इमारतीचा वास्तुरचनाकार, कमानीचा आकार ठरवायला दोऱ्या टांगून त्यांना छोट्या पिशव्यांची वजनं बांधायचा. लोंबकळताना दोरीला जो बाक येतो तो उलटा केला की कमान. तशी टांगलेली प्रतिकृती तिथे आहे. चित्रकलेच्या बाईंना ती नक्की आवडेल. चर्चचं काम 1882 साली दुसऱ्या वास्तुरचनाकाराने सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते गौदीकडे आलं. 1926 च्या जूनमध्ये त्याला ट्रामची धडक बसली. कपडे इतके साधे की कुणी ओळखलं नाही. तीन दिवसांनी तो गेला. त्याच इमारतीच्या तळघरात त्याला पुरलंय.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि आधीपासून काढा, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि 12 ऑक्टोबरला स्पेनची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात, किराणा आदल्या दिवशी भरून ठेवा.

*

प्रतिसाद:

जेवणाचं मी सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना नेलं होतं, त्या माळकरी.

मुख्य जेवण दुपारी करा. दीड ते साडेतीन ही तिथली जेवणाची वेळ आणि कामाच्या दिवशी 'मेनू देल दिया' म्हणून ठरलेल्या दरात पूर्ण जेवण मिळतं. संध्याकाळी मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंदच असतं. म्हणून चूल असलेलं घर घ्या आणि रात्री साडेसातला घरीच मुगाची खिचडी. आम्ही पाचही दिवस तेच केलं. सासूबाई खूश आणि मलाही रात्री हॉटेल शोधत फिरावं लागलं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, श्रीखंडवडी काही नेऊ नका. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, खाकरे चालतात. डाळ-तांदूळ तिथेच राव्हाल भागातल्या पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानांत मिळतात.

बाहेर खाताना 'मांस नको' एवढं पुरत नाही. आमच्या कोशिंबिरीत ट्यूना निघाला, दुसऱ्या ठिकाणी पालकात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा: नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी उएवो. म्हणजे मी मांस, मासे, डुकराचं मांस, अंडं यातलं काही खात नाही. 'तोर्तिया' म्हटलं की आपल्याला पोळी वाटते, तिथे ते बटाटा घातलेलं ऑम्लेट असतं. तुमच्या आईंसाठी पा आम्ब तुमाकेत उत्तम, भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. वांगं-मिरची भाजून केलेली एस्कालिवादाही छान, फक्त वर मासा नाही ना ते विचारा. मला तर वांग्याच्या भरताची आठवण आली.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू दे, कंपनीचं नव्हे.

*

प्रतिसाद:

चोऱ्या होतात, पण झोप उडवून घेऊ नका. अंगावर हल्ला सहसा होत नाही, खिसा कापतात. माझ्या भावोजींचं पाकीट मेट्रोत गेलं. दारातून चढताना पुढचा माणूस एकदम थांबला, मागून दोघांनी रेटलं, दार बंद झालं तेव्हा पाकीट नव्हतं. दुसरी युक्ती म्हणजे कपड्यावर काहीतरी घाण उडवायची आणि मग "पुसून देतो" म्हणत जवळ यायचं. कुणी पुसायला आलं की थांबू नका, सरळ दुकानात शिरा. पासपोर्ट घरी, छायाप्रत सोबत. बाकावर बसताना पर्स बाजूला ठेवायची नाही, पट्टा गळ्यात. आईंना हे आताच सवयीचं करून द्या. आपत्कालीन क्रमांक 112.

फिरायला मेट्रोपेक्षा बस बरी. बसमध्ये पायरी नसते आणि शहरही दिसतं. मेट्रो घेतलीच तर पासेज द ग्रासियाला गाडी बदलू नका, तिथला जोडबोगदा संपता संपत नाही. टी-कॅझुअल हे दहा फेऱ्यांचं कार्ड एकाच माणसाला चालतं, म्हणून दोघींना दोन लागतील. विमानतळाच्या मेट्रोला ते चालत नाही. पण सामान आणि आई सोबत असताना टॅक्सीच करा. तिथल्या टॅक्सी मुंबईसारख्याच काळ्या-पिवळ्या आहेत, आईंना ओळखीच्या वाटतील.

पार्क ग्वेल: चढ खरंच आहे. 24 नंबरची बस प्लासा काताल्युन्याहून वरच्या अंगाला सोडते, तिथून उतार लागतो. तरीही गुडघे कुरकुरत असतील तर सोडा. त्याऐवजी सग्रादा फमिलियापासून आव्हिन्गुदा द गौदी या पायी रस्त्याने सांत पाउ रुग्णालयाची जुनी वास्तू बघा. बरोबर टोकाला आहे, वाटेत बाकं आहेत, आत विटांचे आणि रंगीत फरशांचे मंडप, बाग. गर्दीही कमी.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. फ्लॅट रद्द केलाय, एशाम्प्लात लिफ्टचं घर बघतेय. पार्क ग्वेल आईनेच काढून टाकलं. दुपारी पावणेपाचचं तिकीट काढायचं ठरलंय, मनोऱ्याशिवाय. आणि तळ्यासाठी एक नाही, दोन सकाळी ठेवल्यात, पहिल्या दिवशी नुसतं बघायचं आणि दुसऱ्या दिवशी चित्र काढायचं असं तिचं म्हणणं आहे.

दोरीच्या कमानीचं वाचल्यावर ती उठली, गळ्यातली साखळी काढून दोन बोटांत धरली आणि आरशासमोर उभी राहिली.

आता एकच विचारायचं राहिलं. बागेतल्या बाकांना पाठ आहे का? नसेल तर छोटी घडीची खुर्ची इथूनच घेऊन जाते.

*

प्रतिसाद:

पाठ असलेली बाकं आहेत, पण सकाळी नऊनंतर भरतात. साडेआठला पोचा. खुर्ची नको, एक उशी तेवढी घ्या, सकाळी बाक गार असतं.