काट मारलेली किंमत कधी कुणी दिली होती का?

गंजगोलाई (लातूर)

सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे ताडपत्र्या बाहेर निघतात. यंदा जुनीला भोकं पडलेली, वरून आभाळ भरलेलं. भाचा म्हणाला, मोंढ्यात कशाला जाता मामा, मोबाइलवर बघू. पहिल्याच पानावर सोयाबीनचा मोठा ढीग झाकलेला फोटो, खाली ५,९९९ वर काट आणि बाजूला हिरव्या अक्षरांत "४९९ पासून, ९२ टक्के सूट". उघडून पाहिलं तर ४९९ ला मिळते ती ६ बाय ९ ची. तिच्याखाली मोटारसायकल धड झाकायची नाही. आम्हाला लागते ३० बाय ३०. ती निवडली की किंमत ४,३००. म्हणजे ५,९९९ मोठ्या ताडपत्रीचे, ४९९ धाकटीचे, आणि ९२ टक्के या दोघींच्या वजाबाकीतून काढलेले!

त्याच जाडीची ३० बाय ३० मोंढ्यात ३,१५० ला मिळाली, चौरस फुटाला साडेतीन रुपये. ती "स्वस्त" ४९९ वाली फुटाला सव्वानऊ रुपये पडत होती.

आकाराचा हा खेळ एक वेळ कळतो तरी. माझा खरा राग त्या काट मारलेल्या ५,९९९ वर आहे. ही किंमत कुणी दिली? कधी दिली? जो भाव कधी लागलाच नाही त्यातून सूट कसली देता? माझं म्हणणं एवढंच: काट मारून किंमत दाखवायची तर त्या किमतीला तो माल आधी खरोखर विकलेला असला पाहिजे. युरोपीय संघात २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आपल्याकडे असं का नको?

जालना_होलसेल

भाऊ, मी ऑनलाइन विकतो. ताडपत्री नाही, स्वयंपाकघरातलं प्लास्टिक आणि स्टील. त्यामुळे या शिव्या मलाही लागतात, म्हणून उत्तर देतो.

एक तर पाकिटबंद मालावर एमआरपी छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि २०१८ पासून ती ऑनलाइन पानावरही दाखवावी लागते. ती छापतो उत्पादक, नाहीतर पॅकिंग करणारा. एमआरपीच्या वर विकलं तर गुन्हा. पण एमआरपी स्वतः किती असावी यावर, औषधांसारख्या थोड्या वस्तू सोडल्या, तर कुणाचंच बंधन नाही. मी दाखवतो ती छापलेली किंमत. खोटं काय बोललो?

दुसरं, आमचा हिशोब बघा. ज्या साइटवर विकतो त्या कंपनीचं कमिशन, वर प्रत्येक ऑर्डरला ठरावीक फी, वजनाप्रमाणे पाठवणी, जाहिरातीचे पैसे वेगळे. जीएसटीचा अर्धा टक्का टीसीएस (विक्रीच्या पैशातून कंपनीने परस्पर कापायचा कर) आधीच कापला जातो, इन्कम टॅक्सचा ०.१ टक्का टीडीएस कापला जातो. माल परत आला तर जाण्यायेण्याचं भाडं बऱ्याचदा आमच्याच बोकांडी. डबा परत येतो तो पोचे पडून, तो पुन्हा विकता येत नाही.

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. मी सरळ किंमत लावून पाहिली आहे. एमआरपी तीच, विक्रीची किंमतही तीच, सूट शून्य. ऑर्डरी आटल्या. सेलच्या पानावर घ्यायलाच किमान एवढी सूट पाहिजे अशी अट असते. शेजारचा विक्रेता तोच डबा, तीच अंतिम किंमत, पण "७० टक्के सूट" लावून विकत होता आणि त्याचा माल पळत होता. आता सांगा, खोटी पाटी कुणाला पाहिजे आहे? मला की गिऱ्हाइकाला?

उदगीरचा_गडी

काय बोललालाव भाऊ! गिऱ्हाइकाला फसायला आवडतं म्हणून आम्ही फसवलालाव, असंच ना?

जालना_होलसेल

तसं म्हणा हवं तर. पण सूट नसलेल्या मालाकडे तुम्ही स्वतः बघता का, तेवढं खरं सांगा.

सेलूकर

कृषी खात्यात नोकरी झाली, त्यामुळे वेगळ्या बाजूने लिहितो. आपल्या भागात छापील किमतीला एवढं वजन का आहे? कारण शेतकऱ्याची तिच्याशी ओळख झाली ती खताच्या गोणीवर. युरियाची ४५ किलोची गोणी, २६६ रुपये ५० पैसे. ती किंमत सरकारने ठरवलेली. कपाशीच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाचंही तसंच, कमाल किंमत दरवर्षी केंद्राकडून जाहीर होते. दुकानदाराने वर पैसे मागितले की लोक थेट तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातात, आणि जायलाच पाहिजे.

त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की छापलेली किंमत म्हणजे कुणीतरी वरून तपासलेली किंमत. फवारणी पंपाच्या खोक्यावर ७,५०० छापलेलं असतं तेही लोक त्याच नजरेने वाचतात. प्रत्यक्षात ते ७,५०० कंपनीने मनाला येईल तसे छापलेले. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत, आणि विक्रेता पहिलीची अब्रू दुसरीला वापरतो. जालन्याचे दादा म्हणतात मी खोटं बोललो नाही. आकडा खोटा नसेलही, पण तो वाचून माणूस जे समजतो ते खोटं आहे आणि तो तसंच समजणार हे तुम्हाला ठाऊक आहे.

गोदाकाठ_नांदेड

खताचा विषय काढलाच आहे काका, तर पुढचंही बोलू. खरिपात कृषी केंद्रात लिंकिंग होतं की नाही? युरिया पाहिजे ना, मग सोबत हे सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट घ्या, ही बाटली घ्या. नको म्हटलं तर "माल संपला". गोणीवर २६६.५० छापलेले, दिलेही तेवढेच, आणि घरी येताना खिशातून सातशे गेलेले. ऑनलाइनवाला टोपलीत काही घुसडत असेल तर मी निदान ती टिक काढू शकतो. लिंकिंगमधली टिक कशी काढायची?

मी ऑनलाइनच्या बाजूचा आहे, उघड सांगतो. आमच्या गावात मिक्सरचं भांडं घ्यायचं तर तालुक्याला एक दुकान होतं. भाव तो म्हणेल तो. पावती मागितली तर जीएसटी वेगळा लागेल म्हणून दम. आज मी त्याच भांड्याचे वीस विक्रेत्यांचे भाव बसल्या जागी बघतो. जुन्या किमतींचा आलेख दाखवणाऱ्या साइट आहेत, त्यात सेलच्या आधी भाव चढवून मग उतरवलेला दिसतो. काट मारलेला आकडा मी वाचतच नाही. शेवटी खिशातून किती जातात ते बघायचं, संपलं.

गंजगोलाई (लातूर)

लिंकिंग चूकच आहे, त्यावर भांडण नाही. पण कृषी केंद्रवाला चोर म्हणून मोबाइलमधला साव होत नाही. आणि आलेख बघणारे तुम्ही, तुमचा प्रश्नच नाही. आमची आई व्हिडिओ कॉल कसाबसा लावते. तिच्यासमोर "फक्त २ नग शिल्लक" आणि उलटं पळणारं घड्याळ आलं की ती घाबरून मला फोन करते, अरे लवकर घे, संपेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दोन नग, तेच घड्याळ.

मागावरची_पैठण

ताडपत्रीत फुटाचा हिशोब तरी करता येतो. साडीत काय करणार?

आमच्या घरात माग आहे. मोबाइलवर "पैठणी" शोधा. ८९९, काट मारलेले ६,४९९. यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची, पदरावर मोर आहे म्हणून पैठणी. हातमागावर खऱ्या रेशमाची साधी नक्षी काढायची तरी कित्येक आठवडे बसावं लागतं. भरजरी पदर असेल तर महिने जातात. त्या ८९९ वालीला कमी किमतीत विकायला माझी हरकत नाही, ज्यांना परवडते त्यांनी हौसेने नेसावी. हरकत त्या ६,४९९ वर आहे. तो आकडा मुद्दाम असा निवडलाय की अस्सल पैठणीच्या जवळपासचा वाटावा, म्हणजे बाईला वाटतं आपण सहा हजारांची वस्तू नऊशेत आणली.

मग त्याच बायका पर्यटनाला इथे येतात, साडीला हात लावतात, किंमत ऐकतात आणि म्हणतात, "ऑनलाइन तर नऊशेला आहे, तुम्ही लुटता." पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रेशमावर सिल्क मार्कचं लेबल असतं, पलटून बघितलं तर पदराची विण दोन्हीकडून सारखी दिसते. हे सगळं मी प्रत्येकीला उभं राहून सांगायचं? खोट्या सूटने फक्त घेणारा फसतो असं नाही, खरी किंमत सांगणारा चोर ठरतो.

गोदाकाठ_नांदेड

ताई, हा मुद्दा मानला. पण तिथे लबाडी नावाची आहे, कृत्रिम धाग्याला पैठणी म्हणण्याची.

मागावरची_पैठण

नावाचीही आहे आणि आकड्याचीही. नुसतं "पैठणी ९००" लिहिलं तर बाई विचारेल की एवढी स्वस्त कशी? ६,४९९ वर काट मारली की ती विचारत नाही. शंका मारायचं काम तो आकडा करतो.

कलम_वाचणारा (बीड)

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं. "एमआरपी दाखवली, खोटं कुठे बोललो" हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. माल सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकला जातो त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. आणि किंमत म्हणजे कोणती, तेही दिलंय: संबंधित बाजारात विक्रेते सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकतात ती. "ही माझी स्वतःची आधीची किंमत होती" असं स्पष्ट म्हटलं असेल तरच विक्रेत्याची स्वतःची किंमत धरायची. बाजारात कुणीच ५,९९९ ला ताडपत्री विकत नसेल तर तो आकडा अडचणीत येऊ शकतो.

३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ऑनलाइन पानावर गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यात १३ प्रकार आहेत. खोटी घाई, टोपलीत परस्पर वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर एकेक शुल्क उघड करणं, एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं हे सगळं त्यात येतं. गंजगोलाईंच्या आईंचं ते घड्याळ थेट पहिल्या प्रकारात बसतं. फुगवलेल्या जुन्या किमतीला मात्र त्या तेरांत स्वतंत्र जागा नाही, तिथे कलम २(४७) वरच भांडावं लागतं. म्हणून ३० दिवसांच्या नियमाची मागणी मला रास्त वाटते.

उदगीरचा_गडी

वकीलसाहेब, तीनशे रुपयांसाठी तारखा करायच्या का? गाडीभाडंच जास्त होईल.

कलम_वाचणारा (बीड)

तीनशेसाठी ग्राहक आयोगात जा असं मी म्हणत नाही. आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यावा लागतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन. त्यानेही नाही भागलं आणि रक्कम मोठी असेल तर जिल्हा आयोग. आता तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

पण काट मारलेल्या किमतीचा प्रश्न एकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे. अशा वेळी कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्याकडेही लेखी तक्रार देता येते, ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, पान दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं.

जालना_होलसेल

दंड कुणाला? अनुभवाने सांगतो, कंपनी हात वर करते. "आम्ही फक्त मंच आहोत, किंमत विक्रेत्याची." सूट किती टक्के पाहिजे ही अट त्यांची, टक्क्यांची हिरवी पाटी त्यांच्या यंत्राने लावलेली, घड्याळ त्यांचं, आणि नोटीस येणार जालन्याच्या पत्त्यावर.

सेलूकर

ही गोष्ट तुम्ही बरोबर बोललात. अट घालणारा मोकळा राहता कामा नये. पण दादा, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या डब्यावर जी एमआरपी छापली आहे त्या किमतीला तुम्ही आजवर एक तरी नग विकला आहे का?

जालना_होलसेल

नाही. ऑनलाइनही नाही आणि दुकानातही नाही. उत्पादकच विचारतो, "छापू किती?" म्हणजे समजून घ्या.

गोदाकाठ_नांदेड

हे लिहिलंत ते बरं केलंत. तरी माझं मत तेच आहे. ३० दिवसांचा नियम आला तर हेच लोक एकतिसाव्या दिवसाची सोय काढतील. त्यापेक्षा अंतिम किंमत सगळ्यांत मोठ्या अक्षरात आणि तिच्या शेजारी दर किलो, दर फूट, दर नग काय पडतं ते तेवढ्याच अक्षरात. पाकिटबंद मालावर दर ग्रॅम, दर मिलीची किंमत छापायचा नियम आलाच आहे, पण ती शोधायला भिंग लागतं. ताडपत्रीच्या पानावर "९.२४ रुपये चौरस फूट" लिहिलेलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

मागावरची_पैठण

आणि साडीला काय, दर मीटर? माझ्या साडेपाच मीटरला आणि त्यांच्या साडेपाच मीटरला?

गंजगोलाई (लातूर)

दोन्ही मागू. मी अर्जाचा कच्चा मसुदा करतो, लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ. ज्यांच्याकडे स्क्रीनशॉट आहेत त्यांनी इथे टाका, विक्रेत्याचं नाव न झाकता. मंचाचंही नाव दिसू द्या.

जालना_होलसेल

विक्रेता म्हणून मीही सही करतो. नियम सगळ्यांना एकाच दिवसापासून लागला तर मी हा आकडा आनंदाने काढतो, एकट्याने काढायची माझी ऐपत नाही. मात्र अर्जात संभाजीनगरच्या गुलमंडीपासून तुमच्या गंजगोलाईपर्यंत वर्षभर "भव्य सूट, शेवटचे तीन दिवस"चा फलक लावणाऱ्या दुकानांचाही उल्लेख पाहिजे.

गंजगोलाई (लातूर)

तो उल्लेख केला तर निम्मी बाजारपेठ माझ्या विरोधात जाईल.

जालना_होलसेल

मग बघा, सही करायला मी किती सोपा वाटलो होतो.

उदगीरचा_गडी

लिहा हो मामा. आमच्या चौकातल्या फलकाचा फोटो मी पाठवतो, तीन दिवस कधी संपतील त्याची वाट बघून कापड उडालं त्याचं.